शुचिता आणि सहवास : बाळंतिणीच्या देहाविषयी एक धर्मचिंतन

बाळंतिणीचा देह अशुद्ध असतो काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार जुना असून त्याची उत्तरे स्मृतिकारांनी, जैन आचार्यांनी आणि मराठी संतांनी आपापल्या परीने दिलेली आहेत. अलीकडच्या काळात जीवशास्त्राने याच देहाविषयी, त्यातही ज्या योनिमार्गातून मूल जन्माला येते त्याविषयी, जे ज्ञान मिळवले आहे त्यामुळे या जुन्या प्रश्नाकडे पुन्हा एकदा आणि अधिक जबाबदारीने पाहणे भाग पडते. योनिमार्गात वस्ती करून असणाऱ्या जिवाणूंचा समुदाय, म्हणजेच तेथील सूक्ष्मजीवसंघ, गर्भारपणात एका विशिष्ट दिशेने बदलतो, प्रसूतीनंतर तितक्याच ठळकपणे दुसऱ्या दिशेने बदलतो, आणि या दोन्ही अवस्था निरोगी देहाच्या असू शकतात. प्रयोगशाळेतील निष्कर्षावरून धर्मशास्त्रातील प्रश्नाचा थेट निकाल लागत नाही, कारण एकाचा विषय ‘काय आहे’ हा आणि दुसऱ्याचा ‘काय करावे’ हा असतो. परंतु एखादा धार्मिक निर्णय देहाच्या वस्तुस्थितीचा हवाला देतो तेव्हा ती वस्तुस्थिती खरोखर तशी आहे काय, हे तपासणे धर्मचिंतनाच्याच कक्षेत येते. शुचिता म्हणजे परक्याचा अभाव, ही समजूत येथे तपासावयाची आहे, आणि ती टिकत नसेल तर शुचितेचा कोणता अर्थ टिकतो हे पाहावयाचे आहे.

निरोगी प्रौढ स्त्रीच्या योनिमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस या गटातील जिवाणूंचे प्राबल्य असते. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली योनिस्रावावरील आपल्या ग्रंथात या दंडाकार जिवाणूंचे वर्णन केले, आणि तो ग्रंथ त्यांनी प्रसूतिज्वराच्या, म्हणजे बाळंतिणींना होणाऱ्या जीवघेण्या जंतुसंसर्गाच्या, संदर्भातच लिहिला होता. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने योनीच्या अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय साठा तयार होतो. त्या पेशी गळून पडल्या की हा साठा मोकळा होतो, विकरांमुळे त्याचे लहान तुकडे होतात आणि त्यांवर वाढणारे लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. दुधाला विरजण लावल्यावर जे आंबणे घडते त्याच जातीची ही क्रिया आहे, आणि नीट लागलेल्या दह्यात जसा इतर जंतूंना सहजासहजी शिरकाव मिळत नाही तसाच तो येथेही मिळत नाही. द्रवाची आम्लता ज्या परिमाणाने मोजतात त्याला सामू म्हणतात. त्यात ७ हा अंक उदासीन आणि त्याखालचे अंक आम्लधर्मी मानले जातात. लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य असलेल्या योनिमार्गात तो सामान्यतः ३.५ ते ४.५ इतका असतो, म्हणजे अनेक रोगकारक जंतूंना तेथे तग धरणे अवघड जाते. स्त्रीचा देह या जिवाणूंना अन्न पुरवतो आणि ते जिवाणू त्या देहाचे दार राखतात, असा हा व्यवहार आहे.

गर्भारपणात हा व्यवहार अधिक घट्ट होतो. वारेतून मोठ्या प्रमाणावर स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे ग्लायकोजेनचा साठा वाढतो, जिवाणूंच्या प्रकारांतील वैविध्य घटते, लॅक्टोबॅसिलसच्या एखाद्या जातीचे वर्चस्व वाढते आणि संपूर्ण संघ आधीपेक्षा स्थिर होतो. प्रसूती होऊन वार पडली की चित्र पालटते. इस्ट्रोजेनची पातळी झपाट्याने उतरते, गर्भाशयातून चार ते सहा आठवडे रक्तमिश्रित स्राव वाहत राहतो, रक्त किंचित अल्कधर्मी असल्याने योनिमार्गाची आम्लता कमी होते, आणि लॅक्टोबॅसिलस मागे पडून प्राणवायूवाचून जगणाऱ्या नाना प्रकारच्या जिवाणूंची संख्या वाढते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा पालट मूल दिवस भरून झाले की अपुऱ्या दिवसांचे, यावर अवलंबून नसल्याचे दिसले, आणि काही स्त्रियांत तो वर्षभरापर्यंत टिकून होता. स्तनपान चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन कमी राहत असल्याने देहाला पूर्वस्थितीवर येण्याची घाई नसते. गर्भारपणाची मोजपट्टी लावली तर बाळंतिणीचा सूक्ष्मजीवसंघ बिघडलेला वाटेल. वास्तविक तो बाळंतपणाच्या नेहमीच्या वाटचालीचाच भाग आहे.

या संदर्भात आणखी एका अभ्यासाची नोंद आवश्यक आहे. उत्तर अमेरिकेतील ३९६ निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गातील जिवाणूंचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की त्यांचे सूक्ष्मजीवसंघ ढोबळमानाने पाच प्रकारांत विभागता येतात. त्यांपैकी चार प्रकारांत लॅक्टोबॅसिलसच्या निरनिराळ्या जातींचे वर्चस्व असते, तर पाचव्या प्रकारात कोणत्याही एका जातीचे वर्चस्व नसून संमिश्र वस्ती असते. हा पाचवा प्रकार कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक स्त्रियांत अधिक आढळला, आणि तरीही त्यांना कोणतीही तक्रार नव्हती. लॅक्टोबॅसिलसची उणीव आणि गार्डनेरेला या जिवाणूची वाढ यांचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी संबंध काही अभ्यासांत दिसला असला, तरी तो सर्व समूहांत सारखा आढळत नाही. निरोगी देहाचा एकच नमुना ठरवून त्यावरून इतर देहांचे मोजमाप करणे विज्ञानालाही धोक्याचे ठरते, हा धडा पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

आता स्मृतिग्रंथांकडे वळावयाचे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात नाभीच्या वरची सर्व द्वारे मेध्य, म्हणजे पवित्र कर्माला योग्य, आणि नाभीच्या खालची अमेध्य मानली आहेत. त्याच अध्यायात मृत्यूमुळे येणारे आशौच सर्व सपिंडांना, म्हणजे जवळच्या रक्तसंबंधीयांना, सांगून जन्माचे सूतक मात्र आईबापांना आहे, किंबहुना ते एकट्या आईलाच असून बाप स्नानाने शुद्ध होतो, असे म्हटले आहे. पुढे निबंधकारांनी, म्हणजे स्मृतिवचनांची संगती लावून निर्णय देणाऱ्या ग्रंथकारांनी, या विषयाचा मोठा विस्तार केला. महाराष्ट्रात ज्याच्या आधारे दीर्घकाळ निर्णय दिले गेले तो ‘धर्मसिंधु’ पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचला, आणि जननाशौचाचे जे नियम मराठी घरांत सोयर किंवा वृद्धी या नावाने पाळले जातात त्यांच्यामागे ही परंपरा उभी आहे. देवघराला स्पर्श नाही, स्वयंपाकघरात प्रवेश नाही, दहा दिवस पूजाअर्चा बंद, बाराव्या दिवशी बारसे आणि सव्वा महिन्यापर्यंत बाळंतीण वेगळी, ही त्याची परिचित रूपे आहेत.

या नियमांचे बारकाईने वाचन केले तर त्यांचा विषय देहातील द्रव्ये नाहीत हे त्या ग्रंथांवरूनच सिद्ध होते. पहिला पुरावा वर्णभेदाचा आहे. मनुस्मृतीत आशौचाचा काळ ब्राह्मणाला दहा, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा आणि शूद्राला तीस दिवस असा सांगितला आहे. परंतु गर्भाशयाचे आकुंचन आणि स्रावाचा ओसर यांना वर्ण ठाऊक नसतो. दुसरा पुरावा अपत्याच्या लिंगाचा आहे. पैठीनसीच्या वचनानुसार पुत्र झालेल्या स्त्रीला वीस रात्रींनंतर आणि कन्या झालेल्या स्त्रीला महिन्याने सर्व कर्मांचा अधिकार मिळतो. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातही मुलासाठी एकूण ४० आणि मुलीसाठी ८० दिवसांचा काळ सांगितला आहे, म्हणजे ही विषमता एका परंपरेपुरती मर्यादित नाही. मुलगा होवो की मुलगी, आईच्या योनिमार्गातील पालट सारखाच असतो. तिसरा पुरावा सर्वांत सूक्ष्म आहे. नाळ कापली जाईपर्यंत सूतक लागत नाही, ते नाळ कापल्यानंतर सुरू होते, असा जैमिनीच्या नावावर सांगितला जाणारा नियम निबंधकार मान्य करतात, आणि म्हणूनच जन्मलेल्या बाळाचे जातकर्म व त्या निमित्ताने द्यावयाची दाने यांना पित्याला अवसर मिळतो. नाळ कापण्यापूर्वीचे रक्त आणि नंतरचे रक्त यांत कोणताही फरक नसतो. बदलते ती स्थिती, कारण जोवर आई आणि मूल एका नाळेने जोडलेले आहेत तोवर ते एक मानले जातात आणि ती तुटताच दोन होतात.

विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ टीकेत आशौचाची जी व्याख्या आहे तीही याच दिशेला नेते. काळ आणि स्नान इत्यादींनी दूर होणारा, काही कर्मांना निमित्त होणारा आणि काहींना प्रतिबंध करणारा, व्यक्तीच्या ठिकाणचा एक विशेष, असे तिचे स्वरूप आहे. म्हणजे शास्त्रकारांच्या दृष्टीनेही आशौच ही डोळ्यांनी पाहता येणारी किंवा हाताला लागणारी वस्तू नसून शास्त्राने सांगितलेला एक अदृष्ट धर्म आहे. जन्म आणि मृत्यू या दोन्ही प्रसंगी कुटुंबाची सीमा बदलते, एक जीव आत येतो किंवा बाहेर जातो, आणि त्या बदलाला समाजाने दिलेले कर्मकांडाचे रूप म्हणजे आशौच, असा त्याचा अर्थ लावता येतो. या अर्थाला आदराने स्वीकारण्यास हरकत नाही. अन्याय सुरू होतो तो या अदृष्ट धर्माचे रूपांतर ‘बाईचे अंग घाण असते’ या देहविषयक विधानात केले जाते तेव्हा. एका विषयातील नियम दुसऱ्या विषयातील सत्य म्हणून वापरला जातो, आणि ज्या स्त्रीने नुकताच जीव धोक्यात घालून जीव दिला तिच्याच माथी दोष येतो.

या गल्लतीची किंमत बाळंतिणींनी प्राणांनी मोजली आहे. विटाळलेली वस्तू पुढे वापरता येत नाही या समजुतीमुळे बाळंतिणीला घरातील सर्वांत अंधारी, कोंदट खोली देण्याची आणि टाकून देण्याजोगी जुनेरे, फाटकी गोधडी वापरण्याची रीत अनेक घरांत होती. म्हणजे अशुद्धीच्या कल्पनेने प्रत्यक्ष अस्वच्छता निर्माण केली, आणि आम्लाचे संरक्षण ओसरलेल्या, गर्भाशयात वार सुटल्याची ओली जखम असलेल्या देहाला ज्या वेळी स्वच्छतेची सर्वाधिक गरज होती त्याच वेळी ती हिरावून घेतली. याउलट सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, बाळंतपणाच्या वेळी प्रसूतिकर्मात कुशल, वयाने प्रौढ आणि नखे कापलेल्या चार स्त्रियांनी सेवा करावी, असे सांगितले आहे. या सूचनेवरून प्राचीनांना जिवाणू ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु तेथे काळजी घेणाऱ्याच्या नखांकडे लक्ष आहे आणि बाळंतिणीवर दोषारोप नाही, हा फरक मोलाचा आहे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील इतिहास हीच गोष्ट आकड्यांत सांगतो. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात शेकडा २.८. इग्नात्स सेमेलवाइस या तरुण डॉक्टरांनी याचे कारण शोधले : पहिल्या विभागातील मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूतिकक्षात येत असत. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली, आणि १८४८ साली दोन्ही विभागांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे शेकडा १.२७ आणि १.३३ इतके खाली आले. समकालीन वैद्यकाने दोष हवेत, बाळंतिणीच्या प्रकृतीत, तिच्या मनाच्या अवस्थेत शोधला होता. प्रत्यक्षात तो प्रतिष्ठित पुरुषांच्या हातांवर होता, आणि समाजात ज्यांचे स्थान खालचे होते त्या सुईणींचा विभाग अधिक सुरक्षित होता. अशुद्धीचा आरोप कोणावर होतो आणि अपाय कोणाकडून होतो, या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

स्त्रीदेहातील सूक्ष्म जीवांचा प्रश्न ज्या भारतीय परंपरेने उघडपणे चर्चिला ती जैन परंपरा होय. दिगंबर आचार्य कुंदकुंद यांच्या ‘सुत्तपाहुड’ या ग्रंथात स्त्रियांच्या योनीत, स्तनांच्या मध्यभागी, नाभीत आणि काखेत सूक्ष्म जीव असतात, मग त्यांना प्रव्रज्या, म्हणजे पूर्ण मुनिदीक्षा, कशी संभवेल, असा प्रश्न उपस्थित केला आहे. ज्या देहात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती आणि विनाश सतत चालू आहे त्याला अहिंसेचे महाव्रत पूर्णांशाने पाळता येत नाही, अशी त्यामागील विचारसरणी आहे. हे सूक्ष्म जीव आगमप्रामाण्यावर आधारलेले असून त्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जिवाणूंशी मेळ घालण्याचे कारण नाही. तथापि युक्तिवादाची बांधणी आजही विचारार्ह आहे, कारण देहात दुसऱ्यांची वस्ती असणे हे येथे आध्यात्मिक अपात्रतेचे कारण मानले गेले. श्वेतांबर आणि यापनीय या इतर जैन संप्रदायांच्या आचार्यांनी मात्र स्त्रीमोक्षाची बाजू आग्रहाने मांडली. नवव्या शतकातील यापनीय आचार्य शाकटायन यांचे ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ त्यासाठीच रचले गेले, आणि श्वेतांबर परंपरा एकोणिसावे तीर्थंकर मल्ली यांना स्त्री मानते.

दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रातच या युक्तिवादाचे उत्तर सापडते. तेथे हिंसेची व्याख्या प्रमादयुक्त प्रवृत्तीमुळे होणारा प्राणघात अशी आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, कषायांच्या, म्हणजे क्रोध-लोभादी विकारांच्या, आहारी जाणे. जे देहात आपोआप घडते, ज्यात इच्छा नाही आणि बेपर्वाईही नाही, ते या व्याख्येनुसार हिंसा ठरणे कठीण आहे. शिवाय आजच्या ज्ञानानुसार सूक्ष्मजीवांची वस्ती ही स्त्रीदेहाची खासियत नाही. पुरुषाच्या आतड्यात, तोंडात, त्वचेवरही ती आहे, आणि तिच्यावरून अपात्रता ठरवायची तर कोणताही देहधारी पात्र उरणार नाही. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात जीवांचे एकमेकांवरील उपकार हे त्यांचे कार्य सांगितले असून ते सूत्र आज जैन प्रतीकचिन्हाखाली कोरलेले असते. योनिमार्गातील ग्लायकोजेन आणि लॅक्टिक आम्ल यांची देवाणघेवाण ही नैतिक हेतूने घडत नाही, हे खरे; परंतु जगण्याच्या मुळाशी एकमेकांचा आधार आहे या सूत्राला तिच्याइतके जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल. ज्या वस्तीला अपात्रतेचा पुरावा मानले गेले तीच वस्ती परस्परोपकाराचा पुरावा म्हणून पाहता येते.

मराठी भूमीत या प्रश्नाला सर्वांत निर्भय उत्तर तेराव्या-चौदाव्या शतकांत मिळाले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी रजःस्रावाला देहाच्या इतर द्वारांतून वाहणाऱ्या मळासारखाच एक स्राव मानले आणि त्यावरून स्त्रियांना धर्मकार्यापासून दूर ठेवण्यास नकार दिला. नाभीच्या वर आणि खाली अशी जी रेघ मनुस्मृतीने ओढली होती ती येथे पुसली गेली. अस्पृश्य मानलेल्या जातीतील संत चोखामेळा यांच्या पत्नी सोयराबाई त्याही पुढे गेल्या. विटाळ देहातच उपजतो आणि विटाळावाचून कोणताच देह जन्माला येत नाही, मग या जगात सोवळा कोण, असा त्यांच्या अभंगाचा आशय आहे. चक्रधरांनी स्रावाची भीती घालवली; सोयराबाईंनी विटाळ हा माणसामाणसांत भेद करण्याचे साधन होऊ शकत नाही हे दाखवले, आणि हे त्या अशा जागेवरून बोलत होत्या जिथे स्त्री म्हणून येणारा विटाळ आणि जात म्हणून लादलेला विटाळ एकत्र आले होते.

सोयराबाईंच्या चरित्रात सांगितली जाणारी एक कथा या विषयाच्या गाभ्याला भिडते. त्यांचे दिवस भरलेले असताना चोखोबा आपली बहीण निर्मळा हिच्या गावी मेहुणपुरीला गेले, आणि इकडे घरात दुसरे कोणी नसताना विठ्ठलाने निर्मळेचे रूप घेऊन सोयराबाईंचे बाळंतपण केले. त्या वेळी जन्मलेला मुलगा म्हणजे कर्ममेळा. बाळंतपण करणे म्हणजे काय, हे मराठी घराला सांगावे लागत नाही. कळा देणाऱ्या बाईला धरून बसणे, मूल हाती घेणे, नाळ कापणे, वार पडेपर्यंत थांबणे, रक्ताने भिजलेली वस्त्रे धुणे, आई आणि बाळ दोघांना न्हाऊ घालणे आणि शेक देणे, ही कामे समाजाने इतकी अपवित्र ठरवली होती की ती करणारी सुईण बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातीतली असे आणि काम झाल्यावर तीही दूर ठेवली जाई. ज्या चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता त्यांच्या घरी मंदिरातला देव सुईण होऊन येतो, ही कथा भक्तीचा गोडवा सांगून थांबत नाही. ती शुचितेची व्याख्याच बदलते. जो परम शुद्ध आहे तो विटाळापासून दूर राहून शुद्ध राहत नाही, तर जिथे गरज आहे तिथे हात घालतो आणि त्याने त्याच्या शुद्धतेला उणेपणा येत नाही. स्मृतींच्या रचनेत शुद्धी अंतर राखून टिकते. या कथेत ती जवळ जाऊन सिद्ध होते.

आता जन्मणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहावे लागेल. गर्भाशयातील मूल निर्जंतुक असते की नाही याविषयी काही काळ वाद झाला. वारेत स्वतःचा सूक्ष्मजीवसंघ असतो असे काही संशोधकांनी म्हटले होते, परंतु ५३७ स्त्रियांच्या वारेची तपासणी करणाऱ्या २०१९ सालच्या अभ्यासात निरोगी वारेत असा संघ आढळला नाही. तेव्हा परक्याचा अभाव हीच शुचिता मानायची तर ती फक्त जन्मापूर्वीच्या जीवाला लाभते, आणि जन्म घेणे हाच तिचा भंग ठरतो. जन्मताक्षणी मुलावर आईच्या योनिमार्गातील, त्वचेवरील आणि आतड्यातील जिवाणूंची वस्ती सुरू होते. त्यातही ब्रिटनमधील सुमारे ६०० बाळांच्या २०१९ सालच्या अभ्यासात असे दिसले की नैसर्गिक प्रसूतीत बाळाच्या आतड्यात टिकून राहणारे जिवाणू प्रामुख्याने आईच्या आतड्यातून आलेले असतात. योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस तेथे फारसे टिकत नाहीत. याचा अर्थ असा की शुचितेच्या जुन्या उतरंडीत जे सर्वांत खालचे मानले गेले होते त्याच्यापासून मुलाला आपल्या आतड्याची पहिली टिकाऊ सोबत मिळते. आईच्या दुधाचीही गोष्ट तशीच आहे. दुधात काही गुंतागुंतीच्या शर्करा असतात, ज्या पचवण्याची विकरे बाळाच्या शरीरात नसतात; त्या बाळाच्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचे अन्न आहेत. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल दुधातील घन पदार्थांत यांचाच वाटा मोठा असतो. आई बाळाला पाजते तेव्हा बाळाबरोबर त्याच्या सोबत्यांनाही जेवू घालते.

या ज्ञानाने भारावून जाऊन एक नवे सोवळे उभे करण्याचा धोका मात्र ओळखला पाहिजे. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळांचा सूक्ष्मजीवसंघ सुरुवातीला वेगळा असतो, हे २०१० सालच्या अभ्यासानंतर सर्वज्ञात झाले, आणि २०१६ साली चार बाळांना जन्मानंतर आईच्या योनिस्रावाने पुसून हा फरक अंशतः भरून काढण्याचा लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यानंतर नैसर्गिक प्रसूतीलाच पावित्र्याचे वलय देणारी आणि सिझेरियन झालेल्या आईला आपण मुलाला काहीतरी कमी दिले अशी टोचणी लावणारी भाषा बोलली जाऊ लागली. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली स्पष्ट केले की असे पुसणे संशोधनाबाहेर करू नये, कारण त्यातून हर्पीस किंवा स्ट्रेप्टोकॉकस यांसारख्या संसर्गांचे संक्रमण बाळाला होऊ शकते. आणि वाढत्या वयानुसार सुरुवातीचा फरक बराच कमी होत जातो, हेही पुढील अभ्यासांतून दिसले. जी शस्त्रक्रिया आई आणि मूल या दोघांचा जीव वाचवते तिला उणे लेखणे म्हणजे जुन्या विटाळाला नव्या शब्दांत परत बोलावणे होय. जिवाणूंची यादी हातात घेऊन स्त्रियांची प्रतवारी लावणे हे वर्णानुसार सुतकाचे दिवस मोजण्याहून वेगळे नाही. एकच नमुना सर्वांवर लादता येत नाही, हे पाच प्रकारांच्या त्या अभ्यासाने आधीच सांगितले आहे.

मग शुचितेचा कोणता अर्थ उरतो? सीमा बंद ठेवणे हा अर्थ टिकत नाही, कारण जिवंत देहाची सीमा बंद नसते आणि ज्या क्षणी ती खरोखर बंद होईल त्या क्षणी पोषणही थांबेल. सर्व काही चालते, हाही अर्थ टिकत नाही, कारण सेमेलवाइसच्या रुग्णालयात हातांवरून आलेले जंतू बाळंतिणींना मारत होते आणि ते धुऊन टाकणे हे धर्मकार्यच होते. टिकतो तो अर्थ संबंधाच्या गुणाचा : जो सहवास जीवाला पोसतो तो शुचि, जो त्याला पोखरतो तो अशुचि, आणि या दोहोंतील भेद जन्म, जात किंवा लिंग यांवरून ठरत नसून लक्षपूर्वक घेतलेल्या काळजीवरून ठरतो. या अर्थाने नख कापलेला हात शुचि आहे, बाळंतिणीला दिलेले धुतलेले सुती कापड शुचि आहे, तिची खोली हवेशीर ठेवणे शुचि आहे. आणि विटाळाच्या नावाखाली तिला दिलेले जुनेर अशुचि आहे.

सव्वा महिन्याची परंपरा या कसोटीवर तपासली तर तिच्यातील काही भाग टाकावा लागतो आणि काही जपावा लागतो. प्रसूतीनंतरचा स्राव ओसरायला, गर्भाशय मूळ आकारावर यायला आणि शरीर सावरायला साधारण सहा आठवडे लागतात. तेवढा काळ स्त्रीला जड कामातून सुटका, डिंक-अळिवाचा आहार, शेक-मालिश आणि अखंड विश्रांती मिळणे हा तिचा हक्क आहे, आणि ज्या घरांनी तो सुतकाच्या निमित्ताने का होईना दिला त्यांनी तिचे भलेच केले. परंतु हा हक्क तिला अशुद्ध ठरवूनच मिळावा, ही अट अन्यायाची आहे. विश्रांती हवी म्हणून तिला देवघरापासून तोडण्याची गरज नाही, आणि तिला देवघरात जावेसे वाटले तर अडवण्याचा आधार तिच्या देहात सापडत नाही. शास्त्राचा आधार सांगणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की शास्त्रानेच आशौच हा अदृष्ट, काळाने सरणारा विशेष मानला आहे; तो देहाचा दोष म्हणून सांगणे शास्त्राशीही प्रामाणिक नाही. जन्माच्या वेळी कुटुंबाने काही दिवस थांबावे, नेहमीचा व्यवहार बाजूला ठेवावा, नव्या जीवाला जागा करून द्यावी, हा सुतकाचा चांगला अर्थ सर्व घराने मिळून पाळावा. त्याचे ओझे एकट्या आईवर टाकू नये.

वस्तुतः कोणताही माणूस एकटा शुद्ध राहून जन्माला आलेला नाही. प्रत्येकाच्या आरंभी एका स्त्रीचा देह आहे, जिने आपल्या पेशींतील साठा परक्या जीवांना देऊन दार राखून घेतले, वेळ येताच ते दार उघडले, आणि त्यानंतर कित्येक महिने स्वतःच्या देहातील पालट सोसला. हे ज्ञान जेव्हा शाळेत, दवाखान्यात आणि घरात साध्या शब्दांत सांगितले जाईल, तेव्हा बाळंतिणीच्या स्पर्शाला भिणे सोडून तिच्या खोलीत जाताना स्वतःचे हात धुणे हा धर्म म्हणून रुजेल, आणि सोयराबाईंच्या घरी आलेल्या देवाचे अनुकरण करणे प्रत्येकाच्या आवाक्यात येईल.